कवळीची तार आणि शेजारचा दात

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या वाड्यांवर फिरताना साठी ओलांडलेला आणि तोंडातले सगळे दात शाबूत असलेला माणूस विरळाच भेटतो. कोणाच्या मागच्या दाढा गेलेल्या, कोणाचा पुढचा एखादा दात पायरीवर आपटून पडलेला. पूर्वी अशी माणसे "गेले ते गेले" म्हणत आणि उकड्या तांदळाच्या पेजेवर उरलेले आयुष्य काढीत. आता दात बसवून घेण्याकडे कल वाढला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बसवून घेतलेले दात रोज वापरणारे किती? अनेक घरांत ते कपाटातल्या डबीत जपून ठेवलेले असतात. लग्न, फेस्त किंवा जत्रा आली की तेवढ्यापुरते बाहेर निघतात. कारण विचारावे तर उत्तर दोहोंपैकी एक असते: "सैल झाले, बोलताना हलतात", नाहीतर "तार लागते, शेजारचा दात दुखतो".

दोन्ही तक्रारी ऐकायला एकमेकींच्या उलट वाटतात, तरी त्यांचे मूळ बहुधा एकाच जागी असते. कवळी ज्या तारेने शेजारच्या दाताला अडकवलेली असते, त्या तारेच्या आकड्यात. हा आकडा दिसायला क्षुल्लक, पण तो नीट नसला तर बसविलेले दात वाया जातात आणि उरलेसुरले चांगले दातही एकामागून एक हलू लागतात. म्हणून या खेपेस या पानावर तेवढ्या एका आकड्याविषयीच लिहायचे ठरविले आहे.

अर्धी कवळी

ज्यांचे सगळे दात गेले त्यांना पूर्ण कवळी लागते. ती हिरडीवर नेमकी बसली की मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे धरून राहते. काही दात शिल्लक असतील तर अर्धी कवळी करतात. ती रोज काढता-घालता येते, आणि तिला जागेवर ठेवायला उरलेल्या दातांचा आधार घेतात. तिचे दोन प्रकार आपल्याकडे अधिक दिसतात. एक गुलाबी ॲक्रिलिकच्या पाटीची, जिला पोलादी तारेचे आकडे वळवून बसविलेले असतात. दुसरी धातूच्या सांगाड्याची. तिचे आकडे सांगाड्याबरोबरच एकसंध ओतलेले असतात आणि तो धातू कोबाल्ट व क्रोमियम यांचा मिश्र असतो. ॲक्रिलिक कवळीसाठी वापरात आले ते १९३७ च्या सुमारास. त्याआधी जवळजवळ ऐंशी वर्षे कडक केलेल्या रबराच्या कवळ्या असत, काळपट लाल रंगाच्या.

कोणते दात गेले आहेत त्यावर कवळीची सगळी आखणी अवलंबून असते. एडवर्ड केनेडी या अमेरिकन दंतवैद्याने १९२५ साली याचे चार वर्ग पाडले, आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही तेच शिकतात. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेल्या असतील तर पहिला वर्ग. एकाच बाजूच्या मागच्या दाढा गेल्या तर दुसरा. मध्ये खिंड आणि तिच्या पुढे-मागे दात उभे असतील तर तिसरा. समोरचे दात गेले असतील तर चौथा. आपल्या वडीलधाऱ्यांत खालच्या जबड्याचा पहिला वर्ग पुष्कळ आढळतो, आणि आकड्याच्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड आहे. त्याकडे पुढे वळू.

जाता जाता आईबापांसाठी एक गोष्ट. कायमची पहिली मोठी दाढ मूल सहा वर्षांचे असताना, दुधाच्या दाढांच्या मागे, गुपचूप उगवते. एकही दुधाचा दात न पडता ती येते. त्यामुळे ती दुधाचीच समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. साठीत लागणाऱ्या कवळीची सुरुवात पुष्कळदा तेथे झालेली असते.

आकडा धरतो कसा

विहिरीतून घागर काढताना दोरीचा फास आपण घागरीच्या गळ्याला घालतो, तिच्या काठाला नव्हे. काठ रुंद, गळा अरुंद. दोर वर ओढला की फास काठाखाली अडकतो आणि घागर निसटत नाही. पत्र्याच्या सरळ डब्याला तसाच फास घालून पाहा, तो सुटून वर येईल.

दाताचीही ठेवण घागरीसारखीच असते. दाताचा चावण्याकडचा भाग फुगीर आणि हिरडीकडे तो आत वळलेला असतो. त्या फुगवट्याखाली जी आत गेलेली जागा असते तिला दंतवैद्य 'अंडरकट' म्हणतात. आकड्याचे टोक त्या जागेत जाऊन बसते. पेज पिताना किंवा चिकट पदार्थ खाताना कवळी उचलली जाऊ लागली, की ते टोक फुगवट्याला अडते आणि कवळी जागेवर राहते. दात सरळ डब्यासारखा असेल, किंवा सुपारी आणि भाजलेले चणे चावून चावून झिजला असेल, तर आकड्याला अडायला काही नसतेच. अशा वेळी दंतवैद्य दाताच्या बाजूला दाताच्याच रंगाचा मसाला लावून थोडा फुगवटा तयार करून देतो.

येथपर्यंत घागरीचे उदाहरण चालते, पुढे ते सोडावे लागते. घागरीचा फास आवळलेला असतो, दाताचा आकडा कधीही आवळलेला नसावा. त्यासाठी दुसरे उदाहरण घरातच आहे. कांकण भरताना ते हाताच्या रुंद भागावरून दाबून न्यावे लागते, पण एकदा मनगटावर आले की मोकळे राहते. दिवसभर ते मनगटाला जाणवत नाही, आणि तरीही आपोआप गळून पडत नाही. कांकणात हात दबतो, कवळीत तार दबते, एवढाच फरक. नीट केलेला आकडा कवळी घालताना फुगवट्यावरून जाईपर्यंत किंचित उघडतो, खाली आला की पुन्हा मिटतो आणि दाताला नुसता टेकून गप्प बसतो. कवळी उचलू पाहील तेव्हाच त्याचे काम सुरू होते. दात घातल्यावर शेजारच्या दाताला सतत ओढ किंवा ताण वाटत असेल, तर तो आकडा चुकीचा आहे असे खुशाल समजावे.

आमच्या लोकांची समजूत नेमकी याच्या उलट आहे. जितके घट्ट तितके चांगले, असे सारे मानतात. काही दात बसविणारेही गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून तसेच घट्ट करून देतात. पहिले दोन महिने वाहवा होते. दाताभोवती हाडाला धरून ठेवणारे बारीक तंतू असतात. त्यांना रात्रंदिवस एकाच दिशेने ताण बसला की हाड हळूहळू त्या बाजूने मागे सरते आणि दात सरकतो. मुलांचे वाकडे दात तारेने सरळ करतात ते याच नियमाने. तेथे दात सरकवायचा असतो, येथे तो जागेवर राहायला हवा.

पाव मिलिमीटरचा हिशेब

आकड्याचे टोक फुगवट्याखाली किती खोल न्यावे, याला मोजमाप आहे. कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतलेल्या आकड्याला साधारण ०.२५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एका पोस्टकार्डाच्या जाडीइतके. वळविलेल्या पोलादी तारेला ०.५ मिलिमीटरपर्यंत चालते, कारण ती अधिक लवचिक असते. याहून खोल नेले तर काढता-घालताना दातावर जोर येतो, किंवा तार कायमची फाकते. नुसत्या डोळ्याने हे मापता येत नाही. त्यासाठी तोंडाचा साचा घेऊन प्लास्टरची प्रतिकृती करतात आणि ती एका उपकरणाखाली ठेवतात. गवंड्याचा ओळंबा आठवा. तशीच एक उभी सळी प्रत्येक दाताभोवती फिरवितात. तिला पेन्सिलीचे शिसे लावले की दात जेथे सर्वांत फुगीर असेल तेथे आपोआप रेघ उमटते. रेघेच्या वरचा भाग कोणता आणि खालचा कोणता, हे मग स्पष्ट दिसते. हे उपकरण १९२३ पासून बाजारात आहे, म्हणजे काही नवलाईची गोष्ट नव्हे. तरीही पुष्कळ कवळ्या हे पाऊल गाळून केल्या जातात. दात बसवून घेण्यापूर्वी "डॉक्टर, साच्यावर रेघ मारून पाहिली का?" असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आकड्याचा सगळा हात रेघेखाली जात नाही. दाताला वळसा घालताना त्याचे सुरुवातीचे दोन तृतीयांश रेघेच्या वरच राहतात आणि जाड असतात. शेवटचा एक तृतीयांश तेवढा बारीक होत रेघेखाली उतरतो. का, ते बांबूची कांबट हातात घेतलेल्या माणसाला सांगायला नको. लांब आणि पातळ कांबट सहज लवते, आखूड आणि जाड लवत नाही. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने ती आठपट लवते. म्हणून ओतलेला आकडा सुमारे १५ मिलिमीटर तरी लांब असावा लागतो. मोठ्या दाढेवर एवढी जागा मिळते. सुळ्यावर किंवा लहान दाढेवर ती मिळत नाही, तेथे वळविलेली तार बरी. तार साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची असते. धातूची कवळी महाग म्हणजे तिचे सगळेच चांगले, असे नाही. कोणत्या दातावर काय शोभते हे पाहावे लागते.

आता आकड्याचे आणखी दोन भाग, ज्यांकडे गिऱ्हाइकाचे कधीच लक्ष जात नाही.

वईचा खांब उपटायचा असेल तर आपण तो सरळ वर ओढत नाही. आधी एका बाजूने हलवून हलवून ढिला करतो. रोज दोन-चार वेळा कवळी काढता-घालताना आकड्याचे टोक दाताला बाहेरून असेच ढकलीत असते. त्याला तोल द्यायला दाताच्या जिभेकडच्या बाजूस दुसरा हात किंवा पाटीची कड टेकलेली असावी लागते. ती नसेल तर दात त्या खांबासारखा रोज थोडा थोडा हलतो. दोन्ही हात मिळून दाताला अर्ध्याहून अधिक वेढा पडला पाहिजे, म्हणजे दात आकड्यातून निसटत नाही.

दुसरा भाग म्हणजे टेकू. त्याला दंतवैद्य 'रेस्ट' म्हणतात. शेजारच्या दाढेच्या माथ्यावर एक-दीड मिलिमीटर खोल, चमच्याच्या आकाराची उथळ बैठक कोरतात आणि कवळीचा छोटासा धातूचा पाय तिच्यात बसतो. चावण्याचा भार त्यामुळे दाताच्या उभ्या दिशेने हाडात उतरतो आणि कवळी हिरडीत रुतत नाही. टेकू नसलेली कवळी वर्षा-दोन वर्षांत खाली सरकते, तिचे आकडे हिरडीला कापू लागतात, आणि मग "तार लागते" ही तक्रार येते. दाढ कोरायची म्हटले की लोक घाबरतात. ही कोरणी दाताच्या वरच्या कठीण थरातच असते आणि सहसा दुखत नाही.

मागच्या दाढा नसतील तर

पहिल्या वर्गाची अडचण आता समजेल. खिंडीच्या दोन्ही बाजूंना दात असतील तर कवळी दोन भिंतींवर टाकलेल्या वाशासारखी असते. पण मागे दातच नसेल तर तिचे पुढचे टोक दातावर आणि मागचे नुसत्या हिरडीवर. दात दाबला तर किंचितच दबतो, हिरडी त्याच्या कितीतरी पट अधिक दबते. म्हणून घास चावला की कवळीचे मागचे टोक खाली जाते. विहिरीवरची जुनी लाट पाहिलेल्यांच्या ध्यानात येईल: आडव्या वाशाचे एक टोक खाली गेले की दुसरे वर उठते. येथे टेकू हा मधला खांब आणि आकड्याचे टोक हे वर उठणारे टोक. प्रत्येक घासागणिक ते दाताला वर आणि मागे उपटू पाहते.

यावर उपाय आहेत. टेकू दाताच्या मागच्या कडेऐवजी पुढच्या कडेला नेला, की घास चावताना आकड्याचे टोकही खालीच जाते आणि दाताला सोडून देते. अमेरिकेत क्रॅटोकविल यांनी १९६३ मध्ये ही रचना मांडली आणि पुढे क्रोल यांनी ती सुधारली. तिच्यात आकडा हिरडीकडून इंग्रजी 'आय' अक्षरासारखा वर येऊन दाताला टोकाने टेकतो. ते जमण्यासारखे नसेल तर लवचिक तार वापरतात, म्हणजे ताण तार सोसते, दाताला कमी लागतो. आणि मागची पाटी हिरडीवर जितकी लांब-रुंद पसरेल तितका भार वाटला जातो. गिऱ्हाइके "पाटी लहान करा, तोंड भरल्यासारखे वाटते" म्हणून हट्ट धरतात. त्यांनी हे ऐकून ठेवावे.

डिचोलीकडच्या कुळागरांत उभा जन्म काम केलेल्या एका आजोबांची हकीगत येथे सांगण्यासारखी आहे. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या. एका ठिकाणी कवळी करून घेतली, दोन लहान दाढांना तारा, टेकू एकही नाही. सहा महिन्यांत सैल वाटू लागली. आजोबांच्या घरी पक्कड होती. तार थोडी आत वळविली, कवळी घट्ट झाली. पुढे दर महिन्या-दोन महिन्यांनी तेच. दुसऱ्या वर्षी उजवीकडची लहान दाढ हलू लागली आणि पावसाळ्यात एके दिवशी जेवताना हातात आली. मग तार पुढच्या दातावर घातली. आता तोही हलतो आहे. "दात वयाने गेले," असे ते म्हणतात. वयाचा भाग असेलही, पण शेजारचे ज्यांना तार नव्हती ते सगळे दात अजून पक्के उभे आहेत, हे त्यांच्या सूनबाईंनीच दाखवून दिले.

पक्कडीबद्दल दोन शब्द. बांधकामावरची तार एका जागी वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. चार-पाच खेपांत ती तुटते. कवळीची तारही त्याच जातीची. घरी केलेला प्रत्येक बाक तिचे आयुष्य तोडतो, शिवाय टोक नेमके कोठे टेकते हे आरशात दिसत नाही. सैलपणाचे खरे कारण कित्येकदा तारेत नसतेच. दात गेलेल्या जागचे हाड वर्षावर्षाने झिजते, हिरडी खाली जाते आणि पाटीखाली पोकळी होते. तेथे पाटीला आतून नवा थर द्यावा लागतो. तार आवळून पोकळी भरत नाही.

आकड्यांची संख्याही वाढविण्यात अर्थ नाही. बहुतेक कवळ्यांना दोन किंवा तीन पुरतात, ते योग्य जागी हवेत. माटव चार मेढींवर उभा राहतो. सगळ्या मेढी एका बाजूला रोवल्या तर दहा रोवूनही तो कलेल.

कोठे जावे, केव्हा जावे

गोव्याला या बाबतीत एक सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळ १९८० साली स्थापन झाले. तेथे कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग आहे आणि विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. त्यामुळे वेळ लागतो, फेऱ्या होतात. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तेथून बांबोळी असा बसचा प्रवास म्हाताऱ्या माणसाला सोपा नाही, हे खरे. पण फेऱ्या का लागतात हे समजले तर त्यांचा कंटाळा येणार नाही. आधी दात साफ करून हिरड्या बऱ्या करतात आणि किडलेल्या दातांत मसाला भरतात. मग प्राथमिक साचा, त्यावर आखणी, टेकूसाठी बैठक कोरणे, पुन्हा नेमका साचा, जबडे मिटण्याचे माप, मेणावर दात लावून पाहणे, आणि शेवटी कवळी देणे. त्यानंतरही लागते-टोचते ते घासून द्यायला एक-दोन वेळा जावे लागते. एकाच दिवशी साचा आणि दुसऱ्या दिवशी दात, असे आश्वासन कोणी दिले तर यातले काय गाळले हे आपणच ओळखावे. खासगी दंतवैद्याकडे जायचे असेल तर जरूर जावे. तो नोंदणी झालेला असावा एवढे पाहावे. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ पासून आहे आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. काही शहरांत रस्त्याच्या कडेला बसून ॲक्रिलिकचा लगदा सरळ शेजारच्या दातांना चिकटवून दात बसविणारे असतात. तो दात निघत नाही म्हणून लोक खूश होतात. त्याच्या आड अन्न कुजते, आणि दोन्हीकडचे चांगले दात घेऊनच तो निघतो.

शेतकऱ्याने हे काम पावसाळी भात कापून झाल्यावर, काजूचा हंगाम सुरू होण्याआधी काढावे. वायंगण लावणाऱ्यांनी त्यातूनही आठवड्याचा एक दिवस ठरवावा. काजूच्या दिवसांत सुरू केलेली कवळी मध्येच राहते, आणि साचा घेतल्यानंतर दोन-तीन महिने गेले तर दात थोडेफार सरकून साचाच निरुपयोगी होतो.

नायलॉनच्या मऊ कवळ्यांविषयी पुष्कळजण विचारतात. त्यांना धातूची तार नसते, हिरडीच्या रंगाचेच आकडे असतात, त्यामुळे हसताना दिसत नाहीत. पुढच्या एक-दोन दातांसाठी त्या शोभून दिसतात. पण त्यांना बहुधा टेकू नसतो, आणि मोडल्या तर दुरुस्त करणे किंवा आतून थर देणे कठीण जाते. मागच्या दाढांसाठी मी तरी कोणाला आग्रह करणार नाही.

रोजची निगा

कवळी घालताना ती चावून बसवू नये. दोन्ही बाजूंना बोटांनी सारखे दाबावे. काढतानाही एकाच आकड्यात नख घालून उपटू नये, दोन्हीकडून एकदम सरळ उचलावी. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी. हिरडीला आणि दातांना तेवढीच विश्रांती मिळते. उकळते पाणी वापरू नये, ॲक्रिलिक वाकडे होते. कपडे पांढरे करण्याची पावडर किंवा द्रावणही नको, धातू खराब होतो. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाण्याचे भांडे किंवा दुमडलेले फडके ठेवावे, कारण ओल्या हातातून ती निसटून फरशीवर फुटते.

कवळीपेक्षाही अधिक घासायला हवा तो आकड्याखालचा दात. तेथे भाताची शिते, भाकरीचा लगदा अडकतो आणि महिनोन्‌महिने कोणाचे लक्ष नसते. त्या दाताला कीड लागली की आकड्याचा आधारच गेला. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी. मशेरी लावणाऱ्या आजींनी ती सोडावी. ती तंबाखूच आहे, दंतमंजन नव्हे.

सुपारीबद्दल कुळागरवाल्यांना राग येईल, तरी लिहिले पाहिजे. कवळीचे आकडे सुपारी फोडण्यासाठी केलेले नसतात, त्या जोराने ते फाकतात. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखूशिवाय खाल्ली तरी, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. तारेने तोंडात जखम झाली असेल तर कवळी काढून ठेवावी, आणि दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर तारेवर दोष टाकून बसू नये, तपासून घ्यावे. सुपारी किंवा तंबाखू खाणाऱ्याने तर एक दिवसही अधिक थांबू नये.

शेवटी एक धोका, जो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लहान कवळी, विशेषतः एका-दोन दातांची, झोपेत किंवा घाईने जेवताना गिळली जाते. तिचे आकडे अन्ननलिकेत गळासारखे रुततात. फिट येणाऱ्या माणसाला, अर्धांगाचा झटका आलेल्याला, आणि दारूच्या गुंगीत झोपणाऱ्याला ही भीती अधिक. अशा वेळी भाताचा गोळा किंवा केळे गिळवून ती खाली ढकलण्याचा प्रयत्न करू नये, ओकारीही काढवू नये. काही खायला-प्यायला न देता ताबडतोब इस्पितळात न्यावे आणि कवळी गिळली आहे हे स्पष्ट सांगावे, कारण ॲक्रिलिक क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. तार असेल तर तेवढी दिसते. घरच्यांना कवळी कशी होती, आकडे किती होते, हे सांगता आले तर डॉक्टरांचे काम सोपे होते. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वीही कवळी आहे हे आपण होऊन सांगून ती काढून ठेवावी. आणि आकडा तुटला तर तुटलेला तुकडा मिळेपर्यंत शोधावा, कवळीबरोबर रुमालात बांधून दंतवैद्याकडे न्यावा. तुकडा कोठेच मिळाला नाही, तर तेही सांगावे.